ओस्टारा आणि ईस्टर: नावं सारखी, पण सण दोन

मेलबर्नला राहणाऱ्या कुणालाही विचारा, तिकडे ईस्टर येतो तेव्हा झाडांची पानं पिवळी पडायला लागलेली असतात, कारण मार्च-एप्रिल म्हणजे तिकडचा शरद. आणि त्याच शहरातले पेगन लोक (ख्रिस्तपूर्व युरोपातल्या निसर्गपूजेच्या धर्तीवर आज सण करणारे) ओस्टारा करतात तो सप्टेंबरमध्ये, कारण त्यांच्याकडे वसंत तेव्हा येतो. ओस्टारा ऋतूच्या मागे जातो, ईस्टर जात नाही. माझ्या मते दोघांतला फरक ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

पण अंडी दोन्हीकडे, ससा दोन्हीकडे, नावंही कानाला सारखीच, त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतं की ईस्टर हा मुळात ओस्टाराच, चर्चने ढापलेला. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, दोन्ही सण मनापासून करणारी माणसं आहेत आणि अशा एका ओळीत दोघांवर अन्याय होतो.

ओस्टारा म्हणजे वसंत संपाताचा सण. 20 मार्चच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर येतो, दिवस-रात्र जवळपास सारखे होतात आणि उत्तर गोलार्धात तिथून पुढे उजेडाची बाजू वरचढ होते. (आपल्या सरकारी राष्ट्रीय पंचांगाचं वर्ष 22 मार्चला, लीप वर्षात 21 ला सुरू होतं ते याच संपाताला धरून.) विक्का या पंथाचे आणि इतर आधुनिक पेगन लोक वर्षाचे आठ सण मानतात, त्यातला हा एक. घरात पूजेच्या टेबलावर डॅफोडिल, रंगवलेली अंडी, वाटीत बिया, काहीजण एक काळी आणि एक पांढरी मेणबत्ती शेजारी-शेजारी लावतात, अंधार-उजेड समसमान म्हणून, आणि मग त्या बिया कुंडीत नाहीतर बागेत पेरतात. त्यांच्यासाठी अंडं म्हणजे अजून न उघडलेलं आयुष्य आणि ससा म्हणजे जमिनीची सुपीकता.

ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. त्याचं गणित आपल्याला पटकन कळेल कारण आपण तिथीवाले लोक, 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल यात कुठेही पडतो (ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, आणि ऑर्थोडॉक्स चर्चचं कॅलेंडर पुन्हा वेगळं). 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 ला, ही जवळीक त्या पौर्णिमेमुळेच. म्हणजे संपाताशी ईस्टरचा संबंध आहे, पण तो तारीख काढण्यापुरता. सण संपाताचा नाही.

आता नावाची भानगड. इंग्लंडमधले बीड नावाचे ख्रिस्ती साधू, त्यांनी 725 साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात एवढंच सांगितलंय की जुने अँग्लो-सॅक्सन लोक एका महिन्याला ईओस्ट्रे देवीच्या नावाने ओळखायचे, त्या महिन्यात तिचे उत्सव करायचे, आणि आता त्याच नावाने ख्रिस्ती सण ओळखला जातो. बस. अंडं नाही, ससा नाही, देवळाचं वर्णन नाही. मग 1835 मध्ये याकोब ग्रिमने जर्मन पुराणकथांवरच्या ग्रंथात जुन्या जर्मन शब्दावरून तर्क केला की तिकडेही 'ओस्टारा' देवी असणार. आणि आजच्या सणाला हे नाव मिळालं ते 1974 मध्ये, अमेरिकेतल्या एडन केली यांनी पेगन वर्षचक्रासाठी ते वापरलं. देवीचं नाव जुनं, सण या रूपात नवा. आणि ईस्टर त्याहून कितीतरी जुना, त्याच्या तारखेवरून तर ख्रिस्ती मंडळींत दुसऱ्या शतकातच वाद चालू होते.

देवी होती का? मला वाटतं होती. 1958 मध्ये जर्मनीत मातृदेवतांचे दीडशेहून जास्त रोमनकालीन शिलालेख सापडले, त्या देवतांचं नाव 'ऑस्ट्रियाहेने', मूळ तेच, पूर्व दिशा आणि पहाट यांचं. आणि हे मूळ आपल्या फार जवळचं आहे, आपली उषस्, ग्रीकांची इओस, रोमनांची ऑरोरा, सगळ्या एकाच धातूतून आलेल्या. ऋग्वेदातली उषा आणि बीडच्या ग्रंथातली ईओस्ट्रे शब्दाने बहिणी आहेत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच वाचत बसले होते. याउलट बॅबिलोनची देवी इश्तार म्हणजेच ईस्टर, हा जो फॉरवर्ड आहे, त्यात कानाला लागणाऱ्या साम्यापलीकडे काही नाही, तिची चिन्हं सिंह आणि आठ टोकांची चांदणी.

आणि चोरलेलाच असता तर नाव सगळीकडे तसंच नको का? तसं नाव मुख्यतः इंग्रजी आणि जर्मनमध्येच आहे. फ्रेंच पाक, स्पॅनिश पास्क्वा, गोव्यात पास्क, हे सगळं ज्यूंच्या पेसाखवरून, ज्याला मराठी बायबलमध्ये वल्हांडण म्हणतात.

ससा (मूळचा रानससा) अंडी आणतो ही गोष्ट 1682 च्या एका जर्मन वैद्याच्या लिखाणात सापडते, ईस्टरच्या संदर्भात. देवीने पक्ष्याचा ससा केला ही गोड कथा मात्र प्राचीन नाही, 1874 मध्ये एका जर्मन अभ्यासकाने केलेल्या अंदाजातून ती पुढे वाढली. अंड्यांचं कारण घरगुती होतं, ईस्टरआधीच्या 40 दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य, कोंबड्या मात्र अंडी देतच राहायच्या, मग ईस्टरला ढीगभर साठलेली. 1290 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या हिशेबात 450 अंडी सजवून वाटायला 18 पेन्स खर्च लिहिलेला आहे.

उत्तर इंग्लंडमध्ये या अंड्यांना 'पेस एग' म्हणतात, म्हणजे इंग्रजीतसुद्धा पास्क शिल्लक आहेच. ती कांद्याच्या सालांत रंगवतात. मी घरी केलं, आठ-दहा कांद्यांची कोरडी सालं, पांढऱ्या अंड्यावर ओलं करून चिकटवलेलं कोथिंबिरीचं पान, वरून जुन्या मलमलीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधला आणि सगळं एकत्र बारा मिनिटं उकळलं. कापड सोडलं तर अंडं विटकरी तपकिरी आणि मधोमध पानाची नक्षी, शिरेसकट, पांढरी. तिथल्याच प्रेस्टन शहरात ईस्टरच्या सोमवारी मुलं अशी अंडी ॲव्हनम पार्कच्या उतारावरून गडगडत सोडतात. माझं अजून ओट्यावरच्या वाटीत आहे, फोडवत नाही.