मुलाची खुर्ची घेताना आधी पाय बघा

फर्निचरच्या दुकानात शिरलं की आपण पहिली गोष्ट काय करतो? खुर्चीच्या गादीवर पंजा दाबून बघतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझ्या ओळखीची बहुतेक मराठी कुटुंबं मुलाच्या खोलीसाठी वाचायची खुर्ची अशीच निवडतात. गादी लुसलुशीत, रंग छान, झालं. पण आठ मिनिटांनी मूल त्या खुर्चीतून घसरून जमिनीवर पालथं पडून वाचू लागतं, त्याचं कारण गादीत सहसा नसतं. ते गुडघ्याखाली असतं.

जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंतचं अंतर माणसाच्या उंचीच्या साधारण चौथा हिस्सा असतं. १२० सेंटीमीटर उंचीच्या मुलाचं ते ३० सेंटीमीटर भरतं. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक मात्र ४३ ते ४५ सेंटीमीटरवर. पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि मुंग्या येतात. मग मूल पाय टेकवायला पुढे सरकतं, पाठीचा टेका सुटतो, माकडहाडाकडची बाजू आत वळते आणि कमरेची नैसर्गिक खोलगट बाजू सपाट होऊन पाठीची कमान होते. आपण स्वयंपाकघरातून ओरडतो, ‘नीट बस!’ नीट बसायला त्या बिचाऱ्याला जागाच नसते. बैठक खोल असली तरी हेच होतं. म्हणून पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत.

युरोपात शाळेच्या खुर्च्यांसाठी ईएन १७२९ नावाचं मानक आहे. त्यात बैठकीची उंची ३१, ३५, ३८, ४३ सेंटीमीटर अशी मुलाच्या उंचीप्रमाणे चढत जाते. शाळेत जायला लागल्यापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, म्हणजे त्याची बैठकही वर्षाला सव्वा-दीड सेंटीमीटर वर जायला हवी. हत्तीच्या किंवा गाडीच्या आकाराची बुटकी खुर्ची दोन-तीन वर्षांत माळ्यावर जाते ती यामुळे. माझं मत विचाराल तर ती घेऊच नये.

पीटर ऑप्सविक या नॉर्वेच्या रचनाकाराने १९७२ मध्ये यावर एक तोड काढली. जेवणाच्या टेबलाशी त्याच्या लहान मुलाचे पाय हवेत राहायचे. त्याने ‘ट्रिप ट्रॅप’ खुर्ची बनवली, जिची बैठक आणि पाय ठेवायची फळी दोन्ही खाचांतून वर-खाली सरकवता येतात. ती टेबलाशी बसायची खुर्ची असली, तरी तिच्यातली युक्ती आपल्याला घरी उचलता येते. खुर्ची खाली आणण्यापेक्षा जमीन वर आणायची. मोठ्यांची भक्कम हातांची खुर्ची घ्या, पाठीशी घट्ट लोड लावा आणि पायाखाली बुटका चौरंग ठेवा. वरच्या हिशेबात तो चौदा सेंटीमीटरच्या आसपास बसतो. मूल वाढेल तसा चौरंगाऐवजी पाट येईल, लोड पातळ होईल, खुर्ची तीच राहील.

बैठक रुंद हवी, ५५-६० सेंटीमीटर. मुलं मांडी घालतात, एक पाय खुर्चीच्या हातावर टाकतात, आणि ते चांगलंच आहे. दोन मणक्यांमधल्या चकत्यांना जवळजवळ रक्तपुरवठा नसतो. दाब कमी-जास्त होतो, त्याबरोबर त्यांच्यात द्रव आत-बाहेर होतो. अगदी आदर्श पवित्र्यात तासभर अवघडून बसण्यापेक्षा चुळबुळ बरी.

बडोद्यात यावर कुणीतरी म्हणणारच, ‘मग हिंचका काय वाईट?’ फारसा नाही. दोन मीटर लांब कड्यांचा हिंचका, म्हणजे झोपाळा, पुढे जाऊन मागे येण्याच्या एका हेलकाव्याला सुमारे २.८ सेकंद घेतो. डोकं हललं की आतल्या कानाच्या इशाऱ्यावर डोळे आपोआप उलट दिशेला वळतात, पण पुस्तक हातात, आपल्याबरोबरच हलत असेल तर मेंदू ती हालचाल दाबून टाकतो, आणि इतक्या संथ झोक्यात त्याला ते सहज जमतं. फक्त कड्यांच्या सांध्यात चिमुकली बोटं सापडतात, तेवढं सांभाळा.

आता गादी. पॉलियुरेथेनचं रसायन ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधलं, आणि आजचा जवळजवळ सगळा फोम त्याच घराण्यातला. दुकानदार ‘३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी’ म्हणतो ते एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ते मऊपणाचं माप नव्हे. मऊ की कडक हे वेगळ्या रसायनांनी ठरवता येतं, त्यामुळे हलका फोमही दुकानात छान कडक लागतो. वर्षभरात त्याच्या जाळीच्या नाजूक भिंती थकतात आणि मधोमध खड्डा पडतो. उष्णता आणि दमटपणा ते काम लवकर करतात, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात दोन्ही फुकट मिळतात. म्हणून पंजा दाबण्याआधी आकडा विचारा, ४० मिळाला तर उत्तम. रेग्झीन टाळा. त्यातून घाम वाळत नाही, आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं उन्हात निघून गेली की ते तडकतं. वेताची जाळी इथल्या हवेला अधिक मानवते. सैल पडली तर खालून पाणी मारून सावलीत वाळवायची, पुष्कळदा पुन्हा ताणली जाते.

लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं, लांबीत मात्र जेमतेम बदलतं. मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली ओली, यांच्या ओढाताणीत सांधे सैल होतात. जवळच्या संखेड्याचं खरादावर वळवलेलं, लाखेच्या चकाकीचं सागवानी काम प्रसिद्ध आहे, आणि सागाच्या अंगातलं तेल वाळवीलाही दूर ठेवतं. भुशाच्या फळ्यांची खुर्ची मात्र पाणी लागलं की कडेला फुगते, मग स्क्रू धरत नाही.

सांधे तपासायला पॉलिश खरवडायची गरज नाही. खुर्चीचा पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही तेवढ्यात वर आला तर चौकट घट्ट आहे. तो जमिनीवरच रेंगाळला तर पुढच्या दुकानात चला.