गावात शहीद जवानाचा पुतळा उभारायचाय? आधी जागा बघा

जवान गेल्याच्या तेरवीलाच पुतळ्याची घोषणा होते, वर्गणी जमते आणि जागा ठरते ती गावच्या फाट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. तिथंच घोडं पेंड खातं. सार्वजनिक रस्ता, फुटपाथ किंवा लोकांच्या वापराच्या जागेवर पुतळ्याला परवानगी देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०१३ ला राज्यांना बजावलंय.

आपल्या विदर्भातली ई-क्लास (गुरचरणाची) जमीनही रिकामी दिसते, पण ती सरकारी. न विचारता चौथरा बांधला की अतिक्रमण. गावठाणातली ग्रामपंचायतीच्या नावावरची जागा सगळ्यात बरी. शाळेचं आवार हवं असेल तर जिल्हा परिषदेची परवानगी काढा.

पुतळ्याला मंजुरी कशी द्यायची, हे सामान्य प्रशासन विभागाच्या २ मे २०१७ च्या शासन निर्णयात आहे. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो. अर्ज ग्रामपंचायतीनं किंवा नोंदणीकृत संस्थेनं करावा. खर्च आणि पुढची देखभाल अर्जदाराच्याच माथी, त्याचं हमीपत्र लागतं. सोबत ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा नि नकाशा, पोलिसांचा ना-हरकत दाखला जोडा. ठरावाच्या दिवशी कोरम बघा: १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी आकडा. वीरपत्नी आणि आई-वडील, दोघांचीही लेखी संमती घ्या. पुढं चौथऱ्यावर कुणाचं नाव कुठं, यावरून वाद होतात, म्हणून सांगतो.

'शहीद' हा शब्द आपला. सैन्याच्या कागदावर 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतला हताहत) असतं. तो कागद काढायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. जवान सीआरपीएफचा असेल, १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात गेलेल्या बुलढाण्याच्या दोघांसारखा, तर मात्र कागद त्याच्या बटालियनकडून आणावा लागतो, कारण ते दल गृह मंत्रालयाखाली येतं. फलकावरचा हुद्दा, पलटण नि तारीख याच कागदावरून उतरवा, पेपरातल्या बातमीवरून नको.

एवढं झेपणार नसेल तर शिलाफलक लावा. २०२३ च्या 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत गावोगावी लागले, तसा. नाव तेवढंच टिकतं.

पुतळाच करायचा ठरला, तर मूर्तिकाराच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता मिळेपर्यंत ओतकाम करू नका. आमच्या शेजारच्या गावानं घाई केली. तयार पुतळा दीड वर्ष पोत्यात गुंडाळून पंचायतीच्या खोलीत, ब्लीचिंग पावडरच्या डब्यांशेजारी उभा होता.

आणि मॉडेल मंजुरीला धाडण्याआधी आईला दाखवा. आमच्या गावची माय बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "माह्या पोराचं कपाळ एवढं मोठं नोतं." मूर्तिकारानं ओलं फडकं काढलं, टोपी बोटभर खाली ओढली. "आता हाय," म्हणाली.