लाल जास्वंदीची सावली लालच असते

कुंडीतल्या लाल जास्वंदीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. बहुतेक वेळा फूल पानांत हरवून जातं. लांबूनही नजरेत भरणारं ते फूल पानांइतकंच करडं निघतं. लाल आणि हिरवा हे रंग एकमेकांपासून कितीही वेगळे असले, तरी त्यांचा उजळपणा जवळपास सारखा असू शकतो. त्यात गडद, शुद्ध लाल रंग आपल्या डोळ्यांना असतो त्याहून उजळ भासतो. याला हेल्महोल्ट्झ-कोलराउश परिणाम म्हणतात. त्यामुळे जलरंगात जास्वंद रंगवताना होतं काय, की चित्रातलं फूल पानांतून सुटून दिसेना म्हणून आपण लालावर लाल चढवत जातो आणि फूल उजळायचं सोडून जड होत जातं. खरं तर बदलायला हवीत ती पानं. ती फुलापेक्षा स्पष्टपणे गडद किंवा स्पष्टपणे फिकी ठेवली की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं समजायला पाकळीच्या आत शिरावं लागतं. जास्वंदीचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ती पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये पाण्यात विरघळलेली असतात. या थराखाली पेशींच्या मधेमधे हवेच्या पोकळ्या असतात. ऊन वरच्या थरातून आत जातं, तिथे त्यातला निळा-हिरवा भाग शोषला जातो. उरलेला प्रकाश आतल्या पोकळ्यांवर आपटून विखुरतो आणि पुन्हा त्याच रंगीत थरातून बाहेर येतो. म्हणजे रंगाची गाळणी त्याला दोनदा लागते. पाकळी आतून उजळल्यासारखी वाटते ती यामुळे.

जलरंगाचं कामही हुबेहूब असंच चालतं, आणि मला या माध्यमाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते यासाठीच. डिंकात घोटलेले रंगकण कागदावर पातळ थरात बसतात. प्रकाश त्या थरातून जातो, पांढऱ्या कागदावरून परततो आणि पुन्हा त्याच थरातून आपल्यापर्यंत येतो. पाकळीतल्या हवेच्या पोकळ्यांचं काम इथे कागद करतो. कागद झाकला की दिवा मालवला. म्हणून लाल फुलासाठी पारदर्शक लाल घ्यावा आणि एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. कॅडमियम रेड सुंदर असतो, पण अपारदर्शक. त्याचे दोन-तीन थर झाले की कागदाचा उजेड बाहेर येतच नाही.

आता सावली. पाकळ्यांच्या मधल्या खोलगट जागेत काळा मिसळलेला लाल लावायची सवय अनेकांना असते. प्रत्यक्षात तिथे काय घडतं ते पाहू. समजा, पाकळी आपल्यावर पडलेल्या लाल प्रकाशातला ६० टक्के आणि हिरव्यातला ५ टक्के परत पाठवते. म्हणजे लाल हिरव्याच्या १२ पट. घडीत हाच प्रकाश एका पाकळीवरून दुसरीवर आपटून मग बाहेर येतो. दोन टप्प्यांनंतर लाल उरतो ३६ टक्के आणि हिरवा पाव टक्का. लाल आता १४४ पट! उजेड कमी झाला, पण रंग मात्र आणखी शुद्ध झाला. काळा रंग नेमका उलटा परिणाम करतो. तो लाल प्रकाशही गिळतो आणि घडी मळकट दिसते. त्याऐवजी पहिल्या लाल थरावर गर्द किरमिजी थर द्या. अगदी खोल जागी त्यात हिरव्याचा एखादा थेंब चालतो, त्याहून जास्त नको.

उजेडाच्या जागांचंही तसंच. पाकळीच्या पृष्ठभागावरची चमक म्हणजे आकाशाचा प्रकाश. तो रंगद्रव्यापर्यंत पोचायच्या आधीच वरूनच परततो, म्हणून ती जागा निळसर गुलाबी दिसते. पण ऊन मागून आरपार येत असेल, तर तीच पाकळी नारिंगीकडे झुकते. तिथे आधी पिवळ्या-नारिंगीचा ओला हात फिरवून वर लाल सोडावा. हे बारकावे टिपायला फोटोपेक्षा समोरचं फूल बरं. गर्द लाल फुलाच्या फोटोत कॅमेऱ्याचा लाल भाग पटकन कमाल मर्यादेला पोचतो आणि पाकळीच्या शिरा, चुण्या सपाट होऊन जातात.

वेळही पाहून बसा. अंधारू लागलं की डोळ्यातल्या दंडपेशी पुढे येतात आणि त्यांना गर्द लाल जवळजवळ दिसतच नाही. अशा वेळी लाल फूल पानांच्या आधी काळवंडतं. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

ओला लाल थर वाळल्यावर फिका पडतो, हे लक्षात ठेवून सुरुवातीला थोडा जास्तच गडद लावावा. पण वर्षानुवर्षांत फिका पडणं ही त्याहून मोठी गोष्ट. अमेरिकी चित्रकार विन्स्लो होमर यांच्या १८८७ मधल्या एका जलरंगचित्रातलं आकाश आज पांढुरकं दिसतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या तपासणीत त्या आकाशात लाल-नारिंगी रंगाचे सूक्ष्म अवशेष सापडले. तिथे मुळात सूर्यास्त होता, तो उजेडाने खाल्ला.

फुलं रंगवणाऱ्यांचा लाडका अलिझारिन क्रिमसन याच दुबळ्या रंगांपैकी. पूर्वी तो मॅडर या वनस्पतीच्या मुळांतून काढत. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझारिन प्रयोगशाळेत बनवलं, तरी पातळ थरात उजेडाने विटण्याचा त्याचा गुण गेला नाही. १९५८ पासून बाजारात आलेले क्विनाक्रिडोन आणि नंतरचे पायरोल हे लाल रंग त्या मानाने खूपच टिकाऊ आहेत. ट्यूबवरच्या आकर्षक नावाकडे पाहू नका, बारीक अक्षरातला सांकेतिक क्रमांक वाचा. पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन, पीआर २५४ म्हणजे पायरोल, आणि पीआर ८३ म्हणजे तोच विटणारा अलिझारिन. क्रमांकच छापलेला नसेल, तर त्या लालाचा पातळ पट्टा कागदावर ओढा, अर्धा जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत लावून ठेवा आणि काही महिन्यांनी पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे शेजारी शेजारी पाहा.