शीटला ओढतं कोण?

पेढ्यांच्या खोक्यातला खाचांचा ट्रे एका सपाट शीटपासून होतो: शीट तापवायची, साच्यावर टाकायची आणि खालची हवा काढून घ्यायची. हेच व्हॅक्यूम फॉर्मिंग. घरी करून पाहिलेले लोक सांगतात, "व्हॅक्यूम क्लीनरने शीट खाली ओढली." ओढली नाही! निर्वात काही ओढत नसतो. वरची हवा शीटला दाबते, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो वजनाच्या जोराने. घरगुती क्लीनर या दाबाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका फरक पाडतो, तरी ए-४ शीटवर सव्वाशे किलोंच्या आसपास भार येतो. म्हणून डब्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्याला भुलू नका. तो मोटर किती वीज खाते ते सांगतो. क्लीनर कितीही महाग आणला, तरी बाहेरच्या हवेचा जितका दाब, त्याहून जास्त जोर मिळणार नाही.

सामान थोडकं लागतं. वरच्या फळीला छिद्रं पाडलेलं, फटी बुजवलेलं लाकडी खोकं आणि त्याला जोडलेली क्लीनरची नळी. छिद्रांच्या फळीवर ठेवायचा साचा लाकडाचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. त्याच्या बाजूंना चार-पाच अंश उतार द्या, नाहीतर थंड होताना आकसलेली शीट साच्याला घट्ट धरून बसते. सुरुवातीला १ मिलिमीटर जाडीची हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, म्हणजे 'हिप्स', घ्या आणि दोन चौकटींत क्लिपांनी पकडा. ओव्हन स्वयंपाकाचा नको, खिडक्या उघड्या हव्यात. पीव्हीसी नकोच; जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.

आता ओव्हनच्या काचेतून बघत राहा. शीट आधी लाटांसारखी वेडीवाकडी होते, मग अचानक ताणून सपाट होते, आणि शेवटी मध्ये झोळीसारखी लोंबू लागते. साच्यावर टाकून क्लीनर सुरू करायची हीच ती वेळ!

शीट इथे वितळलेली नसते. पॉलिस्टायरीनचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. साधारण १०० अंश सेल्सियसच्या वर त्यांचे छोटे-छोटे भाग हलू लागतात, पण गुंता सुटत नाही. काचेसारखा पदार्थ रबरासारखा होतो. साच्यावर ताणताना रेणू सरळ होतात आणि थंड होताच तसेच गोठतात. सरळ राहण्याच्या तऱ्हा मोजक्या, वेटोळं होण्याच्या मात्र अगणित. पुन्हा हालचालीची मोकळीक मिळाली, की ते वेटोळ्यांकडेच वळणार. अशा किती तऱ्हा शक्य आहेत, याचं माप म्हणजे एंट्रॉपी.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर तापवण्याआधी शीटवर मार्करने एक-एक सेंटिमीटरचे चौकोन आखा. वस्तू तयार झाली की कोपऱ्यांतले चौकोन लांबुळके दिसतील. जिथे ते जास्त ताणलेत, तिथे शीट सर्वात पातळ. मग तीच वस्तू साच्याविना चौकटीत धरून पुन्हा तापवा. भिंती हळूहळू खाली बसतात, कोपरे विरघळल्यासारखे नाहीसे होतात, आणि लांबुळक्या रेघांचे जवळजवळ पहिल्यासारखे चौकोन होतात.