उद्यानविद्या व भूदृश्यरचना शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्त्या (महाराष्ट्र)

फळझाडे, भाजीपाला व फुलझाडे यांचे शास्त्र शिकणाऱ्या, तसेच बागा, नदीकाठ, संकुलांची आवारे यांची आखणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शुल्क, राहणे-जेवणे किंवा संशोधन यांसाठी मिळणारे अर्थसाहाय्य. बाग प्रत्यक्षात उभी राहते तेव्हा झाडे जाणणारा आणि जागा आखणारा एकाच मातीत उभे असतात. शिष्यवृत्तीच्या कागदावर मात्र ते दोन वेगळ्या घरचे ठरतात. उद्यानविद्या कृषी खात्याच्या घरात, तर भूदृश्यरचना म्हणजे बोलीत ‘लँडस्केप’, वास्तुकलेच्या घरात. पैसा घराप्रमाणे मिळतो, कामाप्रमाणे नाही.

महाराष्ट्रात बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या हा चार वर्षांचा अभ्यासक्रम राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथील चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत चालतो. या विद्यापीठांमध्ये फुलझाडे आणि बागेची आखणी एकत्र शिकवणाऱ्या विषयाला ‘पुष्पशास्त्र व प्रांगणविद्या’ असे नाव रुळले आहे. अंगणाशी नाते सांगणारा ‘प्रांगणविद्या’ हा शब्द ‘भूदृश्य वास्तुकला’ या जडशीळ जोडशब्दापेक्षा कितीतरी बरा. दुसऱ्या घरात आधी पाच वर्षांची बी.आर्च. ही वास्तुकलेची पदवी आणि मग दोन वर्षांची लँडस्केपमधील पदव्युत्तर पदवी, असा रस्ता आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हा विषय १९७२ पासून शिकवला जातो. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात तो आहे. आयटीआयमध्येही ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ नावाचा ट्रेड आहे. म्हणजे एकच शब्द तीन मजल्यांवर, पण मधला जिना नाही.

हा दुभंग सर्वांत स्पष्ट दिसतो तो राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरण्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना तिथे एकदा दिसत नाही, खात्याखात्यांच्या नावाखाली पुनःपुन्हा दिसते. कृषी खात्याच्या रांगेत तिच्या नावापुढे कंसात ‘एजीआर’ असते, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या रांगेत ‘डीटीई’. उद्यानविद्येच्या विद्यार्थ्याने पहिली निवडायची, बी.आर्च.च्या विद्यार्थ्याने दुसरी. अटी बऱ्याचशा सारख्या: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप राउंड’मधून झालेला हवा. संस्थास्तरावर जागा घेतली की ही वाट बंद. प्रवेशाच्या धांदलीत पालक ‘मिळतेय ती जागा घेऊन टाकू’ म्हणतात आणि पुढची सगळी वर्षे पूर्ण शुल्क भरतात. या योजनेत मुळात शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची.

अर्ज म्हणजे कागदांची चळत: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शिधापत्रिका, कॅपचे अलॉटमेंट लेटर, मध्ये वर्ष गेले असल्यास गॅपचे प्रमाणपत्र, लागू असेल तिथे जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर बाकी सगळे जमवूनही पैसे येत नाहीत. अर्ज आधी महाविद्यालयातील क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग खात्याच्या टेबलावर. ‘सेंड बॅक आलाय’, म्हणजे अर्ज दुरुस्तीसाठी परत आला, हे वसतिगृहात सर्रास ऐकू येणारे वाक्य असते, आणि त्यामागे बहुतेक वेळा एखादा अस्पष्ट स्कॅन असतो.

शुल्क सुटले तरी खोलीभाडे आणि खाणावळ उरतेच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना ती लागू होते. नाव नेमके आहे. पंजाबरावांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवले, पुढे ते केंद्रात कृषिमंत्री झाले, आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठही त्यांच्याच नावाचे आहे.

गुणवत्तेवर मिळणारा पैसा मुख्यतः भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून येतो. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या अखिल भारतीय प्रवेश प्रक्रियेतून दुसऱ्या राज्यात प्रवेश घेणाऱ्याला ‘नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप’ मिळते. यातली गंमत ‘दुसऱ्या राज्यात’ या अटीत आहे. कृषी विद्यापीठांमध्ये जिथे पदवी तिथेच एम.एस्सी., तिथेच पीएच.डी. आणि तिथेच नोकरी, अशी साखळी सहज तयार होते. ती तोडणे हा या अटीचा हेतू. दापोलीत पावसाळ्याच्या तोंडी रुजलेल्या आंब्याच्या कोवळ्या रोपावर कोय कलम बांधायला शिकलेला मुलगा हिमाचलातील सोलनच्या उद्यानविद्या विद्यापीठात गेला, तर त्याच्या हाती सफरचंदाची छाटणी येते. झाडाला थंडी किती तास लागते, हा प्रश्न कोकणात त्याला कधी पडलेलाच नसतो.

याच परिषदेची पदव्युत्तर शिष्यवृत्ती अजूनही जुन्या नावाने, ‘जेआरएफ’ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) म्हणून ओळखली जाते. उद्यानविद्येचा त्यात स्वतंत्र गट आहे. तिसऱ्या वर्षापासून मुले तिच्या मागे लागतात, आणि ‘जेआरएफ मारली’ म्हटले की गावाकडे पेढे वाटले जातात. प्रांगणविद्येत एम.एस्सी. करणाऱ्यालाही ती मिळू शकते. बागेची आखणी शिकण्यासाठी कृषी घरातून उघडणारे मोठे दार हेच. शेवटच्या वर्षी गावात राहून करायच्या कार्यानुभवासाठी, ज्याला सगळे ‘रावे’ म्हणतात, विद्यावेतन असते. ते शिष्यवृत्ती म्हणून मोजले जात नाही, पण गावातल्या खोलीचे भाडे अनेकदा त्यातूनच निघते.

वास्तुकलेच्या घरात पदव्युत्तर पातळीवर आधार गेट या देशपातळीवरील परीक्षेचा. गेट पात्र विद्यार्थ्याला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, दरमहा १२,४०० रुपये देते, जास्तीत जास्त २४ महिने; मात्र संस्था एआयसीटीईची मान्यताप्राप्त हवी. इथे दुसरा पेच येतो. वास्तुकला शिक्षणाची नियामक संस्था १९७२ च्या कायद्याने वास्तुकला परिषद आहे. दोघांच्या निकषांत विरोध आला तर कोणाचे चालणार, हा वाद कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये निकाल वास्तुकला परिषदेच्या बाजूने लागला. म्हणून प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे का?’ एवढाच नसतो, ‘कोणाची मान्यता?’ हाही असतो. योगायोग असा, की ज्या शाहू महाराजांच्या नावाने शुल्काची योजना आहे, त्यांच्याच बोर्डिंगांच्या परंपरेतील ही संस्था.

या योजनांच्या हिशेबात न बसणारा खर्चही पुष्कळ. लँडस्केपच्या विद्यार्थ्याचा मोठा खर्च शुल्कानंतर सुरू होतो: मोठ्या शीटांचे प्लॉटिंग, मॉडेलसाठी फोम आणि कॉर्क, संगणकावरील आज्ञावली, जागेची पाहणी करायला जाण्याचे प्रवासभाडे. उद्यानविद्येच्या मुलाला तुलनेने कमी लागते. चांगला कलमचाकू आणि एक सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, असले की बरेचसे भागते. अभ्यास दौऱ्याचे पैसे मात्र दोघांनाही घरून आणावे लागतात.

परदेशी शिक्षणासाठी सर्वांत जुना देशी आधार म्हणजे १८९२ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा जे. एन. टाटा एन्डॉवमेंट. तो विषयाचे बंधन घालत नाही, पण देतो ते परतफेडीचे कर्ज. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लाँगवुड गार्डन्स १९७० पासून व्यावसायिक माळीकामाचा दोन वर्षांचा शुल्कमुक्त अभ्यासक्रम चालवते. तिथे पैसा खात्याकडून येत नाही, बागच विद्यार्थ्याला पोसते. मोबदल्यात विद्यार्थी वाफ्यांत, हरितगृहांत राबत शिकतो.