व्हॉइसमेलचे कान

एका परिचितांच्या कार्यालयातील ईपीएबीएक्सला (कार्यालयातील फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या यंत्राला) व्हॉइसमेल जोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात १४ निरोप जमा झालेले होते. त्यांपैकी ९ निरोपांत माणसाचा आवाजच नव्हता. क्षणभर शांतता आणि मग दोन मिनिटे नुसते ‘टूँ… टूँ… टूँ’. यंत्र सदोष आहे, ते परत करावे, असे तेथील मंडळींचे एकमत झाले. प्रत्यक्षात यंत्र उत्तम होते. आपल्याकडील टेलिफोनचे स्वर ओळखायला मात्र त्याला कोणी शिकवले नव्हते.

व्हॉइसमेल म्हणजे आवाज साठवणारे यंत्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण साठवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. आलेला फोन मुळात कोणासाठी होता, हा खरा प्रश्न असतो. २१४ या एक्स्टेन्शनवर चार-पाच वेळा घंटी वाजूनही कोणी उचलले नाही, की ईपीएबीएक्स तो फोन व्हॉइसमेलकडे वळवतो. व्हॉइसमेलच्या दृष्टीने मात्र ती केवळ एक वाजणारी घंटी असते. म्हणून साध्या तारांवरील जोडणीत, व्हॉइसमेलने फोन उचलताच ईपीएबीएक्स त्याला काही आकडे ऐकवतो: आधी ‘उत्तर न मिळाल्याने वळवलेला फोन’ अशा अर्थाचा संकेतांक आणि पाठोपाठ २, १, ४. हे आकडे नीट ऐकू आले, तरच निरोप योग्य व्यक्तीच्या खात्यात जमा होतो.

या आकड्यांच्या स्वरांची रचना मला विलक्षण सुंदर वाटते. अमेरिकेतील बेल सिस्टीम या टेलिफोन कंपन्यांच्या समूहाने १९६३ मध्ये बटणे दाबून स्वरांनी आकडे पाठवण्याची ही पद्धत ग्राहकांना उपलब्ध करून दिली. कीपॅडच्या चार आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ, तर तीन उभ्या रांगांना १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ या वारंवारता (म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या) दिलेल्या आहेत. ५ दाबला की ७७० आणि १३३६ एकाच वेळी वाजतात. हे आकडे असे वेडेवाकडे असण्यामागे कारण आहे. आपण ‘आ’ म्हणतो तेव्हा गळ्यातून १२० हर्ट्झचा मूळ स्वर निघत असेल, तर त्याबरोबर २४०, ३६०, ४८० अशा त्याच्या पटीही निघतात. वरच्या यादीत मात्र कोणतीही संख्या दुसरीच्या पटीत नाही आणि कोणत्याही दोहोंची बेरीज किंवा वजाबाकी तिसरीइतकी येत नाही. त्यामुळे बोलण्यातून चुकून ‘५’ उमटण्याची शक्यता फार कमी राहते.

ऐकणाऱ्या बाजूला बहुधा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेराल्ड गोएर्टझेल यांची १९५८ मधील गणिती रीत वापरतात. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात आणि त्यांतील २०५ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे २५.६ मिलिसेकंदांचा, तुकडा तपासला जातो. प्रत्येक वारंवारतेसाठी मागील उत्तराला एका ठरावीक स्थिरांकाने गुणायचे, त्याच्या मागचे उत्तर वजा करायचे आणि नवा नमुना मिळवायचा. झोक्याला त्याच्याच लयीत धक्के दिले की तो चढत जातो, बेलय धक्क्यांनी चढत नाही. तसेच येथे जुळणाऱ्या वारंवारतेचे उत्तर वाढत जाते. २०५ नमुन्यांमुळे सुमारे ३९ हर्ट्झचा भेद कळतो आणि ६९७ व ७७० वेगळे ओळखायला तेवढा पुरतो. शिवाय दुप्पट वारंवारतेवरही जोर आढळला, तर तो माणसाचा आवाज समजून सोडून दिला जातो.

  

आता त्या ९ निरोपांकडे वळू. स्वागताचे शब्द ऐकून फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला, की लाइनवर एंगेज टोन येतो आणि तो ओळखूनच व्हॉइसमेलने ध्वनिमुद्रण थांबवायचे असते. अमेरिकेत हा टोन ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा सेकंद बंद असा असतो. भारतात तो ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. यंत्र अमेरिकी मांडणीवर असल्यामुळे आपला टोन त्याला एखाद्या निरोपासारखाच वाटत होता. सेटिंगमध्ये ४०० हर्ट्झ आणि ७५० मिलिसेकंद भरले, तीन सेकंदांहून छोटे निरोप पुसण्याची सूचना दिली आणि मोबाइलवरून २१४ ला फोन लावून स्वागत संपताच तोडला. काहीच साठले नाही. दुसऱ्या वेळी दोन वाक्ये बोलून ठेवली. मग २१४ चा रिसीव्हर उचलला, तेव्हा नेहमीच्या सलग डायल टोनऐवजी निरोप असल्याची खूण सांगणारा तुटक टोन ऐकू आला.