वर्गणी आणि फी: एकाच पावतीवरचे दोन हिशेब

व्यापारी संघटनेच्या वार्षिक सभेत पहिला तास हारतुऱ्यांत जातो आणि दुसरा वर्गणीच्या वादात. "मी कोपऱ्यातला छोटा दुकानदार, त्या होलसेलवाल्याएवढे पैसे मी का भरायचे?" असा एक आवाज येतो. लगेच पुढच्या रांगेतून दुसरा येतो, "मी वर्षात एकदाही तुमच्या ऑफिसची पायरी चढलो नाही, मग माझ्याकडून जास्त कशाला?" दोघेही वर्गणीवरच भांडतायत असं वाटतं. खरं तर पहिला वर्गणीबद्दल बोलतोय आणि दुसऱ्याच्या डोक्यात फी आहे. पावती पुस्तकावर एका वर्षी 'वार्षिक वर्गणी', पुढच्या वर्षी 'सभासद फी' आणि कधी 'सभासदत्व शुल्क' असं छापलेलं असतं, तेव्हा त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष!

घरातलं उदाहरण घेऊ. गणपतीची वर्गणी दिली आणि दहा दिवसांत एकदाही आरतीला गेलो नाही, म्हणून कोणी अनंत चतुर्दशीनंतर मंडळाकडे पैसे परत मागत नाही. अभ्यासिकेची फी भरली आणि त्या महिन्यात ती बंद राहिली, तर मात्र मुलगा पैसे मागणारच, आणि मागायलाच हवेत. वर्गणी म्हणजे एखादी गोष्ट मुळात अस्तित्वात राहावी म्हणून उचललेला आपला वाटा. फी म्हणजे घेतलेल्या कामाचे दाम.

संघटनेत हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. एखाद्या कामाचा फायदा पैसे न देणाऱ्यापासून रोखता येतो का? येत असेल तर ते फीचं काम, येत नसेल तर वर्गणीचं.

एलबीटीचं बघा. 2013च्या उन्हाळ्यात राज्यातल्या व्यापाऱ्यांनी स्थानिक संस्था कराविरुद्ध, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिका घेत असलेल्या एलबीटीविरुद्ध, बंद पाळले, मोर्चे काढले. अखेर 1 ऑगस्ट 2015पासून वर्षाला 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला. आता ज्याने बंदच्या दिवशी मागच्या दाराने माल विकला, ज्याने संघटनेला कधी दमडी दिली नाही, त्याचाही एलबीटी गेलाच की! "तू वर्गणी भरली नाहीस, तू एलबीटी भरत राहा" असं कुठल्याही अध्यक्षाला म्हणता येत नाही. म्हणून आंदोलनाचा, वकिलाचा, मंत्रालयातल्या फेऱ्यांचा खर्च हा वर्गणीतूनच व्हायला हवा. यात एक गंमतही आहे. जे 50 कोटींच्या वर होते त्यांची सुटका तेव्हा झाली नाही, आणि मोठे म्हणून अशा लढ्यांत जास्त वाटा उचलण्याची अपेक्षा त्यांच्याकडूनच असते. वर्गणीचं असंच असतं. तिच्यात दिलेल्याचा आणि मिळालेल्याचा रुपयाला रुपया मेळ बसत नाही, तो बसवायला जाऊही नये.

याच्या उलट काट्यांचं पासिंग. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळून घ्यावा लागतो. अनेक गावांत संघटना एक दिवस ठरवून बाजारातच शिबिर लावते, म्हणजे दुकान बंद ठेवून काटा घेऊन धावपळ करावी लागत नाही. सरकारी शुल्क सरकारकडे जातं, वर मांडव, टेबलं, माणसं, चहा हा खर्च संघटनेचा. किराणावाल्याचे तीन काटे, सराफाचा एक नाजूक काटा, कापडवाल्याकडे काटाच नाही, नुसती मीटरपट्टी. हा मांडवखर्च वर्गणीत घुसवला तर कापडवाला किराणावाल्याच्या काट्यांचे पैसे भरतो. इथे काट्यामागे अमुक रुपये अशी फी लावणं हेच रास्त. सभागृहाचं भाडं, प्रदर्शनातला स्टॉल, निर्यातदाराला चेंबरकडून (व्यापारी मंडळाकडून) मिळणारं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशातला याचा दाखला, प्रशिक्षणवर्ग, सगळं याच खात्यात. बिगरसभासदाला जास्त दर लावायचा तोही इथेच.

आता न्याय्य म्हणजे काय, हे दोन्हीकडे वेगवेगळं ठरतं. फी ठरवताना प्रश्न एकच, काम करायला खर्च किती आला? किराणावाला श्रीमंत आहे म्हणून त्याच्या काट्याला दुप्पट दर लावला तर तो अन्याय. वर्गणीत मात्र ऐपत बघावीच लागते. लोक नेमकं उलटं करतात. वर्गणी "सगळ्यांना समान" ठेवतात आणि त्याला लोकशाही म्हणतात; मग तूट पडली की मोठ्यांकडून स्टॉलचे, जाहिरातींचे भरमसाट पैसे उकळतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

समजा, संघटनेचे 200 सभासद आहेत आणि ऑफिसचं भाडं, कारकुनाचा पगार, ऑडिट, फोन, प्रवास मिळून वर्षाचा सामायिक खर्च 3,60,000 रुपये. समान वर्गणी काढली तर प्रत्येकी 1,800. आता सभासदांचे तीन गट करू: 120 लहान, 60 मध्यम, 20 मोठे. लहानांना 900, मध्यमांना 2,400 आणि मोठ्यांना 5,400 लावले तर 1,08,000, 1,44,000 आणि पुन्हा 1,08,000, म्हणजे बेरीज तीच 3,60,000. लहानाचा भार निम्म्यावर आला आणि मोठ्याचा तिप्पट झाला. तरी मोठ्याच्या महिन्याला ते 450 रुपयेच पडतात, दुकानातल्या चहापाण्याचा खर्च याहून जास्त असेल.

आकडे कागदावर सोपे असतात. खरी पंचाईत गट पाडताना होते. कुठला व्यापारी आपली उलाढाल संघटनेच्या वहीत लिहून देईल? वही कोणाच्या हाती पडेल याची भीती असतेच, आणि शेजाऱ्याला आपला धंदा कळू नये हीसुद्धा. मग कुणीतरी सुचवतं की सरकारी वर्गवारीच वापरू, सूक्ष्म-लघु-मध्यम. हा सापळा आहे. 1 एप्रिल 2025पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा 10 कोटींपर्यंत गेली आहे आणि लघुची 100 कोटींपर्यंत. तालुक्याच्या पेठेत या चाळणीतून बघितलं तर शिंप्यापासून खताच्या होलसेलरपर्यंत जवळपास सगळेच सूक्ष्म. सगळे एकाच गटात बसले की आपण पुन्हा समान वर्गणीवर येतो, फक्त सरकारी शिक्का घेऊन.

त्यापेक्षा दुकानदाराचं बिल बघा. ते न विचारता बरंच सांगतं. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणजे बिलावर जीएसटी नंबर नसलेला बहुधा पहिल्या गटातला. कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरायच्या सोप्या जीएसटीत, दीड कोटीपर्यंतचे व्यापारी बसतात आणि त्यांना बिलावर तसं छापावं लागतं, तो दुसरा गट. 5 कोटींच्या वर गेलेल्याला दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, काढावं लागतं, त्यावर क्यूआर कोड येतो. म्हणजे तिसऱ्या गटातला घाऊकवाला आपोआप उघडा पडतो. ही फूटपट्टी बिनचूक नाही. कंपोझिशन घेणं ऐच्छिक आहे, त्यामुळे लहान माणूसही नेहमीच्या जीएसटीत असू शकतो. आणि फक्त गिऱ्हाइकाला विकणाऱ्या मोठ्या शोरूमच्या बिलावर ई-इन्व्हॉइसचा तो कोड दिसणार नाही. अशा दोनचार दुकानांचा गट कार्यकारिणीने चहा पिता पिता ठरवावा. पण उरलेल्यांना उलाढाल विचारण्याचा अवघड प्रसंग तरी टळतो.

जर्मनीत हाच प्रश्न कायद्याने सोडवलाय. तिथल्या उद्योग-व्यापार चेंबरची सभासदी सक्तीची आहे. आकारणीचे दोन भाग: एक पायाभूत वर्गणी आणि दुसरा धंद्याच्या नफ्यावरचा टक्का. व्यापारी नोंदवहीत नाव नसलेल्या छोट्या व्यावसायिकाचा वर्षाचा नफा 5,200 युरोंच्या आत असेल तर त्याला माफी. आपल्याकडे सभासदी ऐच्छिक, त्यामुळे टक्का लावायला गेलात तर मोठे दुकानदार दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवतील. म्हणून वरच्या उदाहरणातलं एकास सहाचं प्रमाण मला सुरुवातीला पुरेसं वाटतं. त्याहून जास्त ताणलं की दुसरा धोका सुरू होतो: सहापट देणारा सहापट बोलायला लागतो. वर्गणी ऐपतीप्रमाणे असली तरी एका सभासदाला एकच मत, हे संघटनेच्या घटनेत स्पष्ट लिहून ठेवावं.

मताचा विषय निघालाच आहे तर दोन्हींतला सर्वांत मोठा कायदेशीर फरकही तिथेच आहे. आपल्याकडच्या अनेक व्यापारी संघटना 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्या कायद्याचं कलम 15 सांगतं की तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकवलेल्याला मतदानाचा हक्क नाही, आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. थकबाकी वर्गणीची हवी, हे महत्त्वाचं. एखाद्याने गेल्या दिवाळीतल्या प्रदर्शनाच्या स्टॉलचे पैसे दिले नसतील तर ती उधारी. ती वसूल करा, हवं तर पुढचा स्टॉल देऊ नका, पण निवडणुकीच्या यादीतून त्याचं नाव उडवता येणार नाही. दोन्ही रकमा एकाच पावतीत घातल्या की निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात "तुमची बाकी आहे" म्हणून विरोधी गटाची नावं कशी गळतात, हे संघटनेत वावरलेल्यांना सांगायला नको.

कराचं थोडक्यात. माणूस स्वतःच्याच खिशातून नफा कमावत नाही, या तत्त्वाने सभासदांनी एकमेकांसाठी जमवलेल्या वर्गणीवर प्राप्तिकर लागत नाही. पण व्यापारी संघटनेने सभासदांना ठरावीक सेवा देऊन मिळवलेलं उत्पन्न 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 28ने धंद्याचं उत्पन्न धरलं होतं, अगदी सभासदांकडून आलेलं असलं तरी. जीएसटीत हे 'आपलेच आपण' तत्त्व सरकारने 2021च्या दुरुस्तीने, तेही 1 जुलै 2017पासून मागे जाऊन, मोडून काढलं. मात्र व्यापार-उद्योगाच्या वाढीसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेला सभासदामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंतच्या वर्गणीवर सूट आहे. ही सूट वर्गणीला आहे, स्टॉलच्या भाड्याला नाही. एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या लहान संघटनेला जीएसटीची काळजी तशीही नसते. पण शहरातल्या मोठ्या संघटनेने लहान गटाची वर्गणी 1,100 ठेवण्याऐवजी 1,000 का ठेवू नये, याचा विचार करावा.

कसोटीवर न बसणारी एक गोष्ट उरते, आजीव सभासदत्व. 1995 साली 2,500 रुपये घेऊन आयुष्यभराची पावती फाडली. ती फी नव्हती, कारण तिच्या बदल्यात कुठलंच नेमकं काम ठरलेलं नव्हतं. ती पुढच्या सगळ्या वर्षांची वर्गणी होती, एकदम घेतलेली. ती त्याच वर्षी ऑफिसच्या रंगरंगोटीत घालवली, की पुढची तीस वर्षं तो सभासद फुकट बसतो आणि बाकीचे त्याचा भार वाहतात. नाशिकच्या पांडवलेणीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्या काळच्या कारागीर संघांकडे, 3,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. मुद्दल कधी परत द्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. त्यातल्या 2,000वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला 240, त्यातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12. आजीव वर्गणीचा हिशेब याच पद्धतीने मांडायला हवा. मुदतठेवीचं व्याज 7 टक्के धरलं तर 2,500वर वर्षाला 175 रुपये येतात. लहान गटाची वार्षिक वर्गणी 900 असेल तर आजीव रक्कम 13,000च्या आसपास निघते, आणि ती वेगळ्या खात्यात, मुद्दलाला हात न लावता ठेवावी लागते. हा आकडा सभेत सांगितला की बहुतेकजण म्हणतात, "मग वर्षाचीच पावती द्या."